नववा सूर खर्जातच असतो

(बुलढाणा येथे शरदातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

समोर गिटारवाली मुलं बरीच दिसतात. मेजर, मायनर, सेव्हन्थ तुम्हाला येतातच, त्यात वेळ घालवत नाही. एक स्वर सोडून एक घेत वर चढा: सा, ग, प, नि. बहुतेक जण इथे थांबतात. थांबू नका. वरच्या सप्तकातला रे घ्या, मग म, मग ध. खालच्या सा पासून मोजलं की रे नववा, म अकरावा, ध तेरावा. नाईन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ ते हेच.

माझं म्हणणं असं, की नाईन्थ कुणी बाहेरून आणून आपल्यावर लादलेला नाही. तो खर्जाच्या तारेत आधीपासून आहे. (मागून आवाज: "मग आमच्या भजनात कधी ऐकू नाही आला?" हशा.) काका, तानपुरा लावता ना? मग रोज ऐकता. आता दाखवतोच.

ही गिटारची पाचवी तार, मोकळी. हिला सा म्हणू. बाराव्या फ्रेटवर बोट फक्त टेकवतो, दाबत नाही: वरचा सा. सातव्यावर प. चौथ्याच्या किंचित अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला, ग. तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार तो हाच. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध नाही, तिसऱ्याकडे जरा झुकून, कोमल नि. गिटारच्या नेहमीच्या कोमल नि पेक्षा थोडा उतरलेला. आणि दुसऱ्या फ्रेटच्या अगदी पट्टीवर, फार बारीक... पंखा बंद करा जरा... रे. सा, ग, प, कोमल नि, रे. अख्खा नाईन्थ, एका तारेत!

रागाला कॉर्ड लावला की राग मोडतो, असं मला जाईन तिथे ऐकवतात. रागाचा स्वभाव न बघता मेजर-मायनर ठोकत सुटलात तर मोडेलच. पण ऐकून लावला तर? अँथनी गोन्साल्विस यांनी ते करून दाखवलं. (मुलं गाणं गुणगुणतात. हशा.) हो, तेच नाव! 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव आणलं. गोव्यातल्या माजोर्डाचा हा माणूस, जन्म 1927 चा. चर्चच्या संगीतात वाढला, मुंबईत येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले. गोन्साल्विसांना रागसंगीताची ओढ लागली आणि 1958 मध्ये त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. रागावर बेतलेल्या रचना, प्रत्येक वादकासमोर लिहिलेला कागद, आणि गायला लता मंगेशकर, मन्ना डे! एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्याला गाण्यामुळे ठाऊक असावं आणि काम ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. गिटारवर हाच रस्ता धरला अमान्सिओ डिसिल्वा यांनी. 1969 मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेली त्यांची 'हम दोनो' ही तबकडी घरी गेल्यावर ऐका. त्यात...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, मग कामाचं तेवढं सांगतो.

थर्टीन्थमध्ये स्वर सात, तारा सहा, दाबायला बोटं चार. सोडायचं काय? आधी प. तो सा च्या पोटात वाजतोच, आत्ताच ऐकलात. सोबत बेस गिटार असेल तर सा त्याच्यावर सोपवा. ग आणि नि मात्र राखा. कॉर्ड मेजर की मायनर, शांत की पुढे ओढणारा, ते त्या दोघांवर ठरतं. कॉर्डच्या आकृतीतले ठिपके पाठ करणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून ती अडतात.

राहिला अकरावा. शुद्ध म हा शुद्ध ग ला घासतो, म्हणून मेजरमध्ये तो बहुधा तीव्र करतात. आता मोजा: सा, ग, प, नि, रे, तीव्र म, ध. काका, कुठला राग? (काका: "यमन!" टाळ्या.)

लिहून घ्या. पाचवी तार तिसरा फ्रेट (आता सा इथे), चौथी तार चौथा, तिसरी तार चौथा, दुसरी तार पाचवा. पहिली आणि सहावी वाजू देऊ नका. सा, तीव्र म, नि, ग. प घेतलेला नाही. काका, या इकडे, माईकजवळ. मी कॉर्ड धरतो, तुम्ही यमनचा आलाप घ्या. अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटं!