गावंढळांचा धर्म आणि समाजाचे प्रश्न
(घाटंजी येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या विषयातील 'पेगन' हा शब्द परका आहे आणि त्याचा इतिहास अपमानाचा आहे. लॅटिन भाषेत 'पागानुस' म्हणजे खेड्यात राहणारा. रोमन साम्राज्यातील नगरे ख्रिस्ती झाली, तरी खेड्यातील माणसे झाड, झरा, अग्नी आणि पूर्वज यांना नमस्कार करीतच राहिली. तेव्हा नगरवासीयांनी त्यांना जे नाव दिले, त्याला आपल्याकडे 'गावंढळ' म्हणता येईल. पुढे हीच शिवी एका धर्मसमूहाचे नाव झाली. आज युरोप-अमेरिकेत हजारो लोक हे नाव अभिमानाने लावतात. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी या 'गावंढळां'विषयी बोलणे म्हणूनच मला उचित वाटते.

प्रथम लिथुआनियाचे उदाहरण घेऊ. युरोपातील हा देश सर्वांत शेवटी, म्हणजे १३८७ साली, ख्रिस्ती झाला. तेथील भाषेत देवाला 'दिएवास' आणि अग्नीला 'उग्निस' म्हणतात. १९६७ साली, सोव्हिएत राजवटीत, काही तरुणांनी केर्नावे या प्राचीन स्थळी 'रासा' हा उत्तरायणाच्या अखेरीचा जुना उत्सव पुन्हा साजरा केला. 'रासा' म्हणजे दव. आपल्या 'रस' शब्दाचा हा सख्खा भाऊ. त्या तरुणांनी घोषणा दिल्या नाहीत, मोर्चा काढला नाही. अग्नी प्रज्वलित केला आणि आजी-आजोबांची गाणी म्हटली, एवढेच. परंतु राजवटीला तेवढ्याचीही भीती वाटली. या कार्याचे अध्वर्यू योनास त्रिंकूनास यांना विद्यापीठातील काम गमवावे लागले. देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांच्या 'रोमुवा' संस्थेची परीक्षा संपली नाही. २०१९ साली संसदेने मान्यता नाकारली. २०२१ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२४ च्या अखेरीस संसदेने मान्यता दिली. त्रिंकूनास २०१४ सालीच निवर्तले होते. आपले सण आपल्या पद्धतीने करणे हेसुद्धा एक आंदोलन असू शकते, हा या कथेचा पहिला धडा होय.

आता प्रश्न असा की, धर्माने समाजाच्या प्रश्नांत उतरावे काय? या मंडळींत यावर एकमत नाही. एक वर्ग म्हणतो, आमची उपासना ही आमच्या घराची आणि कुळाची बाब आहे; तिला रस्त्यावर आणू नका, कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधू नका. दुसरा वर्ग म्हणतो, पृथ्वीला माता म्हणायचे आणि तिच्या अंगावर विष ओतले जात असता डोळे मिटून बसायचे, याला भक्ती कसे म्हणावे? अमेरिकेतील लेखिका स्टारहॉक या दुसऱ्या वर्गातील. १९८१ साली कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅनियन अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या सत्याग्रहात त्यांना अटक झाली. २०१५ साली पर्यावरणरक्षणाचे एक सामूहिक निवेदन निघाले. त्यावर जगभरातील हजारो पेगनांनी स्वाक्षऱ्या केल्या.

आइसलँडमध्ये १९७२ साली एका शेतकरी कवीच्या पुढाकाराने जुन्या नॉर्स देवतांच्या उपासकांची संस्था स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिला शासनमान्यता मिळाली. युरोप-अमेरिकेतील काही वंशद्वेष्ट्यांनी याच देवतांची चिन्हे आपल्या झेंड्यांवर चढविली. तेव्हा या संस्थेने स्पष्ट सांगितले की, आमच्या देवांचा आणि तुमच्या द्वेषाचा काहीही संबंध नाही. ही संस्था समलिंगी विवाहही लावते. त्यापायी २०१५ साली तिला परदेशांतून शिवीगाळीची पत्रे आली. संस्था बधली नाही. त्यांची सर्व मते आपणास पटतील असे नाही, पटलीच पाहिजेत असेही नाही. परंतु आपल्या श्रद्धेच्या नावावर कोण काय खपवितो, यावर पहारा ठेवण्याची त्यांची जागरूकता शिकण्यासारखी आहे.

प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांची आंतरराष्ट्रीय परिषद २००३ साली मुंबईत आणि २००९ साली आपल्या नागपुरात भरली. अशा वेळी आपण अभिमानाने म्हणतो की, निसर्गपूजकांच्या या जगात हिंदू समाज हा थोरला भाऊ आहे. हे खरेच आहे. परंतु थोरल्या भावाच्या अंगणात काय चालले आहे, हे धाकटे पाहणारच.

आपल्याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ज्या काळ्या आईची आपण पूजा करतो, तिच्यावर आपणच विष फवारत होतो आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला साधे फडकेही नव्हते. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. कर्ज, बियाणे, बाजार, दुर्लक्ष अशी मोठी साखळी त्यामागे आहे. परंतु त्या साखळीत आपणही एक कडी आहोत, हे मान्य केल्याशिवाय भूमिपूजन पूर्ण होत नाही.

दुसरे उदाहरण वाघाचे. राळेगाव-पांढरकवडा परिसरात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. गावांत फटाके फुटले. शहरांत मेणबत्त्या पेटल्या. वाघाला देव मानणारा आपला समाज त्या दिवशी दोन तुकड्यांत उभा होता. शहरातील संवेदनशील माणसाला वाघीण दिसली, गुराख्याची विधवा दिसली नाही. गावातील माणसाला विधवा दिसली, पण जंगल का आक्रसले हा प्रश्न दिसला नाही. निसर्गपूजेची कसोटी अशाच वेळी लागते. ज्याला दोन्ही दुःखे दिसतात, तोच खरा उपासक.

या दोन्ही टोकांच्या मध्ये आपला कोलाम बांधव उभा आहे. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत त्याची गणना होते. या भागातील कित्येक गावे आजही गावाची शीव बांधण्यासाठी कोलामालाच बोलावतात. भूमीचा पहिला पुजारी तो, ही त्यामागची जुनी जाण आहे. गाव त्याच्याकडून रक्षण मागते. पण त्याच्या पोडावर रस्ता, पाणी, शाळा पोहोचली का, हे पाहायला गावातले किती जण जातात? ज्याच्या हातून आपण शीव बांधून घेतो, त्यालाच आपण शिवेबाहेर ठेवले आहे. बाहेरचा कोणी येऊन त्याची श्रद्धा बदलतो अशी तक्रार आपण करतो. ती तक्रार करण्याचा अधिकार, त्याच्या पोडावर ज्याचे जाणे-येणे आहे त्यालाच शोभतो. वनवासी क्षेत्रात आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो अधिकार मिळविला आहे. आपण उरलेल्यांनी तो मिळवायचा आहे.

मित्रहो, पोळ्याला बैलाच्या पाया पडणारा आपला समाज आहे. बैल थकल्यावर तो कोठे जातो, गणपतीनंतर नदीचे काय होते आणि पोडावरच्या मुलीची शाळा पाचवीनंतर का सुटते, हे प्रश्न राजकारणाचे नाहीत, उपासनेचे आहेत. परदेशातील 'गावंढळ' आपल्या हरवलेल्या देवांना शोधत आहेत. आपले देव हरवलेले नाहीत. त्यांच्या घरी जायचे मात्र आपण विसरलो आहोत.

येत्या रविवारी आपल्यापैकी दहा जणांनी जवळच्या एखाद्या पोडावर जावे. भाषण करू नये, छायाचित्र काढू नये. तेथील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांचे ऐकावे. पुढचे काय करायचे, ते तेच सांगतील.