इंधननळीची गळती आणि भर समुद्रातील दुरुस्ती



मंडळाच्या या व्यासपीठावर साहित्य-संगीताची चर्चा नित्य होते. आजचा विषय मात्र काहीसा तेलकट आहे. परंतु आपल्यातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ बंदरावर व नौकांवर चालतो, आणि किनारा दिसेनासा झाल्यावर इंजिन थांबले, तर प्रश्न प्राणांचाच असतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्याला हवा असतो तो डिझेलचा अखंड पुरवठा. या पुरवठ्याच्या मार्गाचे आम्ही तीन भाग मानतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पहिला भाग ओढीचा. येथे भेग पडली तर बहुधा थेंबही बाहेर येत नाही. उलट हवा आत शिरते, इंजिन अडखळते व बंद पडते. फीड पंपापासून फिल्टरमार्गे इंजेक्शन पंपापर्यंतचा दुसरा भाग कमी दाबाचा. येथे डिझेल ठिबकते. पंपापासून नोझलपर्यंतचा तिसरा भाग अतिदाबाचा, आणि तोच सर्वांत घातक.

गळती दिसताच प्रथम इंजिन बंद करावे, टाकीचा कॉक फिरवावा, चूल विझवावी, शक्य तेथे नांगर टाकावा आणि सांडलेले डिझेल पुसून घ्यावे. तापलेल्या धूरनळीवर डिझेलचा फवारा पडला तर आग लागते. आणि बंद इंजिनापेक्षा पेटलेली नौका शतपटीने वाईट.

कमी दाबाच्या तांब्याच्या नळीला कंपनाने भेग पडली असेल, तर तेवढा तुकडा करवतीने कापावा, कीस नीट काढून टाकावा आणि डिझेलला टिकणारी रबरी नळी दोन्ही टोकांवर चढवून क्लिपांनी आवळावी. सायकलची ट्यूब गुंडाळणे हा अगदी शेवटचा उपाय, कारण साधे रबर डिझेलमध्ये फुगते. सांधा गळत असेल, तर एका पान्याने धरून दुसऱ्याने आवळावे, म्हणजे नळी पिळली जात नाही. तांब्याचे वॉशर कडक झाले असेल, तर किनाऱ्यावर असतानाच ते लाल होईपर्यंत तापवून मऊ करून ठेवावे. गळतीजवळ ज्योत नेऊ नये. टाकीकडची नळीच निकामी झाली, तर डिझेलचा स्वच्छ डबा इंजिनाहून उंच पक्का बांधून त्यातून फीड पंपाला पुरवठा द्यावा. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत हातपंप चालवून हवा काढावी.

अतिदाबाच्या नळीला मात्र चिंधी, पट्टी वा बोट कधीही लावू नये. ती फवाऱ्याची सूक्ष्म धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तासाभराचाही विलंब न करता शस्त्रवैद्याकडे न्यावे. गळती शोधायची तर पुठ्ठा धरावा. जुन्या यांत्रिक पंपाच्या, अनेक सिलिंडरांच्या इंजिनात फुटलेली नळी काढून, पंपाच्या त्या तोंडाचे डिझेल डब्यात सोडून, उरलेल्या सिलिंडरांवर मंद गतीने परतता येते. ते तोंड बुजवू मात्र नये. नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारच्याही पुढे जातो. तेथे पाना खाली ठेवून व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक द्यावी, किंवा फोन लागत असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवावा. मदत मागण्यात तांडेलाला कमीपणा नाही.

ही सारी दुरुस्ती केवळ बंदर गाठण्यापुरती. बंदरात पोहोचताच नवी नळी बसवावी; ‘चालते आहे ना’ म्हणून तीच पुन्हा समुद्रात नेणे म्हणजे आजचे संकट उद्यावर ढकलणे होय. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत प्रत्येक नळी, क्लिप आणि सांधा तपासावा. दोन वॉशर, हातभर नळी व चार क्लिपा डब्यात घालून ठेवाव्यात. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतात. ती श्रद्धा आम्हालाही प्रिय आहे. मात्र नारळासोबत तो डबाही नौकेवर चढावा, म्हणजे घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागणार नाही.