चाकांवरच्या घरातला विजेचा हिशेब

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले आईवडील हल्ली आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, तिथली राष्ट्रीय उद्यानं पाहायला निघतात. आत ओटा, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं असतं. वीज मात्र मोजकीच.

तिथली घरगुती वीज १२० व्होल्टची. कॅम्पग्राउंडवरची ३० अँपियरची जोडणी म्हणजे ३६०० वॉट. सलग वापरायचं, तर २८८० वॉटच्या आत राहावं. एसी आणि मायक्रोवेव्ह प्रत्येकी साधारण दीड हजार वॉट घेतात. त्यात चहाची किटली लावली की ब्रेकर पडलाच! म्हणून पाणी उकळेपर्यंत एसी बंद ठेवा. पडलेला ब्रेकर तसाच पुन्हा पुन्हा चढवू नका, आधी भार कमी करा. प्लग हाताला चटका देऊ लागला, तर तो वापरणं लगेच थांबवा.

बॅटरीवर असाल, तर फारच जपायला हवं. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १५०० वॉट काढताना इन्व्हर्टरच्या तारांतून १२५ अँपियरहून जास्त प्रवाह वाहतो. तार बारीक असेल, फ्यूज चुकीचा असेल, तर आग लागू शकते. शिवाय १०० अँपियर-तासांची लिथियम बॅटरी या भाराला तासभरही पुरत नाही. माझ्या मते अशा वेळी गॅसच बरा. खिडकी उघडी आणि छतावरचा पंखा चालू हवा.

आणि इथला २३० व्होल्टचा मिक्सर सोबत नेऊ नका. तिथे तो नीट फिरत नाही. १२० व्होल्टचा तिथेच मिळतो.