अचलेचे आयुष्य

बडोद्याच्या नागरवाड्यात घराच्या पायासाठी जमीन खणली, तर माती, रेती आणि चिकणमाती यांचे थर लागतात. हा सारा गाळ नद्यांनी वाहून आणलेला आहे. संस्कृतात पृथ्वीला ‘अचला’ म्हणतात. परंतु नागरवाड्याची भूमी मात्र प्रवास करून येथे पोहोचली आहे. ती कोठून आली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे खंडाच्या घडणीची कथा उलगडत जाते.

विश्वामित्री नदीचा उगम पावागडावर होतो. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवरील हा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असून त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे आहे. तथापि भूशास्त्राच्या दृष्टीने तो तरुणच होय. चांपानेर-जांबुघोडा भागातील खडक त्याहून कितीतरी वृद्ध आहेत. ते प्रारंभी पाण्याखाली साचलेली वाळू व चिखल होते. पुढे प्रचंड दाब आणि उष्णता यांमुळे वाळूचा क्वार्टझाइट झाला आणि चिखलाला पानापानांच्या खडकाचे रूप आले. त्यांत घुसून थिजलेला गोध्र्याचा ग्रॅनाइट सुमारे ९५ कोटी वर्षांचा आहे, तर उत्तरेकडे मेवाडातील काही खडकांचे वय ३३० कोटी वर्षांपर्यंत जाते.

इतके जुने खडक टिकले कसे? सागरतळाचे कवच बेसॉल्टचे आणि जड असते. ते पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडते, म्हणून आजचा बहुतेक सागरतळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे. पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर तापला की त्याचा काही अंश वितळतो. हा रस सिलिकाने समृद्ध व हलका असल्यामुळे वर चढतो आणि थिजतो. खंडांचा गाभा प्रथम अशाच रसातून घडला. पुढे तोही पुनःपुन्हा वितळला, दुमडला आणि त्यातून नवे ग्रॅनाइट निपजले. हलकेपणा हेच खंडांच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे.

या वयाची साक्ष झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक देतात. त्यांतील युरेनियमचे ठराविक गतीने शिसे होते. दोहोंचे प्रमाण मोजले की स्फटिकाचा जन्मकाळ कळतो. ऑस्ट्रेलियात सापडलेला असा एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. त्याचा मूळ खडक केव्हाच नष्ट झाला. कण तेवढा राहिला.

ग्रॅनाइट भूपृष्ठाखाली काही किलोमीटर खोलीवर थिजतो. गोध्र्याचा ग्रॅनाइट आज उघडा दिसतो, याचाच अर्थ त्याच्यावरचे तेवढे जाड आवरण पाऊस, वारा आणि नद्या यांनी झिजवून नेले. तोच व्यापार आजही चालू आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुराचे गढूळ पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा लोकांची मोठी हानी झाली. त्या पाण्यातील चिखल हाही झिजलेल्या खडकांचाच अंश होता.

चांपानेर-पावागडाचा २००४ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. तेथील मशिदी, मंदिरे आणि तटबंदी पाहणाऱ्याने भोवतालच्या शिळांकडेही क्षणभर निरखून पाहावे. पंचमहालातील खाणींत दगड फोडला जातो आणि घरे, रस्ते यांसाठी तो लागतोही. परंतु कोणता थर कोणत्या थरात घुसला, ही साक्ष दगड जागेवर आहे तोवरच मिळते. त्याची खडी झाली की भूमीच्या बखरीतील ते पान कायमचे गेले. म्हणून कोठे फोडावे आणि कोठे राखावे, याचा विवेक आधी झाला पाहिजे.