प्रकल्प वहीतला आणि पाटातला

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'स्टेम' असा एक शब्द तयार झाला आहे. त्याच्या जोडीला 'प्रकल्पातून शिक्षण' आणि 'डिझाइन थिंकिंग' हे शब्दही शिक्षकांच्या प्रशिक्षणात वारंवार कानावर पडतात. ऐकायला भारदस्त वाटतात, पण प्रकल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? थर्माकोलचा ज्वालामुखी, स्टेशनरीच्या दुकानातले तयार चार्ट आणि रात्री जागून बाबांनी रंगवलेली प्रकल्पवही! मुलाला गुण मिळतात, शिक्षण झालंच तर बाबांचं होतं.

ही कल्पना काही आज निघालेली नाही. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरचा निबंध १९१८ सालचा. आणि आपल्याला तर अमेरिकेपर्यंत जायचंही कारण नाही. पारशिवनीहून नागपूरमार्गे वर्ध्याला जायला फार वेळ लागत नाही. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली. हाताच्या कामातून भाषा, गणित, विज्ञान शिकवायचं. टकळीवर सूत काततानाच मोजणी यायची, कापूस कळायचा. पुढे पुष्कळ ठिकाणी कातणं राहिलं आणि त्यातलं गणित गळालं. शिवाय गावकऱ्यांच्या मनात एक शंका होती, आणि ती खोटी नव्हती: शहरातल्यांची पोरं इंग्रजी शिकून साहेब होणार, आणि आमच्या पोरांनी पुन्हा हातकामच करायचं का?

या शंकेला कामातून उत्तर देण्याचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे इलिनॉय विद्यापीठाचे डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कामाला द्यायचा. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. वेल्डिंग शिकायचं ते गावातल्या कारागिराकडून. माझ्या मते या योजनेचं मर्म एकाच गोष्टीत आहे: मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. फाटक करायचं ते शाळेला किंवा गावात कुणाला हवं असलेलं फाटक. ते नीट बसलं नाही तर लाल शेरा मारावा लागत नाही, फाटकच कुरकुरतं. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली. संगणकावर चालणारी यंत्रं आणि गावचा मिस्त्री एका छपराखाली आले. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम मात्र सुरू राहिलं.

आता पारशिवनीकडे येऊ. आपल्या तालुक्याजवळ पेंच आहे, नवेगाव खैरीचं धरण आहे, कालवे आहेत. पेंचचं पाणी नागपूरकर पितात हे पोरासोरांना ठाऊक असतं. पण आपल्या पाटचारीतून सेकंदाला किती लिटर पाणी वाहतं, हे मोठ्यांपैकी तरी कितीजण सांगू शकतील?

समजा, आठवीच्या वर्गाने हाच प्रश्न घेतला. डिझाइन थिंकिंगची पहिली पायरी म्हणजे ज्याची अडचण आहे त्याच्याकडे जाणं. म्हणून मुलांनी आधी शेवटच्या टोकाच्या, म्हणजे टेलच्या, शेतकऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन बसावं. 'काकाजी, पाणी कधी येते? आलं तर किती वेळ टिकते?' असं विचारावं आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावं. मग अडचण एका वाक्यात लिहावी. 'पाणी कमी आहे' हे वाक्य चालणार नाही. 'वरच्या तोंडाशी किती आणि आमच्या तोंडाशी किती' हे चालेल, कारण ते मोजता येतं.

मोजायचं कसं? मोठ्या कालव्यावर पोरांना मुळीच नेऊ नये. शेतातल्या लहान चारीवर, गुरुजींच्या देखत, एक फळी आडवी बसवायची. तिला व्ही आकाराची, बरोबर ९० अंशांची खाच पाडायची. कडेने गोणपाट आणि चिखल लिंपायचा. खाचेतून पाणी पलीकडे मोकळं पडलं पाहिजे. फळीच्या थोडं मागे, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून पाण्याची उंची मोजायची. ती १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर पाणी जातं. मग २० सेंटिमीटरला किती? दुप्पट, असं वर्गातले बहुतेक हात वर होतील. पण येतं सुमारे २५ लिटर, साडेपाच पटींहूनही अधिक! कारण उंची वाढते तशी खाचेची रुंदीही वाढते आणि पाण्याचा वेगही. घातांक हा पुस्तकात कंटाळवाणा धडा असतो, चारीवर तो कोड्यासारखा पोरांच्या मागे लागतो.

पहिली फळी बहुधा गळेल. तीच खरी शिकण्याची जागा आहे, म्हणून शिक्षकाने घाई करून ती दुरुस्त करून देऊ नये. मुलांनीच लिंपावी, पुन्हा मोजावं. वर आणि खाली एकाच वेळी मोजलेले आकडे जुळले नाहीत, तर मधलं पाणी कुठे गेलं? मुरलं, फुटलं, की कुणी वळवलं? शेवटचा प्रश्न नाजूक आहे. वळवणारा वर्गातल्याच एखाद्या मुलाचा बाप असू शकतो. अशा वेळी आकडे फळ्यावर लिहावेत, नावं लिहू नयेत. पाणीवाटपाचा निर्णय मोठ्यांचा, पण त्यांच्यासमोर मोजलेला आकडा ठेवता येतो.

अडचणी आहेतच. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत चारीपर्यंत जाऊनही होत नाही, सलग अर्धा दिवस लागतो. पालक विचारणार, दहावीला हे येतं का? त्यांना मुलाची वही दाखवावी. तिच्यात दशांश, सरासरी, आलेख, कोन सगळं असतं. आणि हे फक्त खेड्यातल्या शाळेने करायचं असं ठरलं, तर वर्ध्याची जुनी शंका पुन्हा उभी राहील. नागपुरातल्या शाळांनीही आपल्या टाकीतली गळती मोजावी, पाणी तर एकाच नदीचं आहे.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, संच आले. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी कपाटांची कुलपं उघडावीत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना एक फळी, आरी, कोनमापक आणि पट्टी पुरे. धानाला पाणी सुटतं ते दिवस शाळेचेच असतात, तेवढे तारखेनिशी आधी विचारून ठेवावेत.