डीएनएसाठी रंग निवडताना



मानपाड्याच्या परिसरात रंग म्हटला की डोंबिवलीचे कारखाने आठवतात. आज बोलायचे आहे ते पेशीतील डीएनए उजळविणाऱ्या रंगांविषयी. त्यांपैकी एकाचे नाव आपल्या कानावरचे आहे. मुलुंडला जिचा कारखाना होता त्या जर्मन कंपनीच्या नावानेच 'होएक्स्ट ३३३४२' हा रंग ओळखला जातो.

आपल्यापैकी कोणी पुढे संशोधनाकडे वळले, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाशी गाठ पडेल. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. बारीक छिद्रातून एकाच पातळीवरचा प्रकाश घेऊन हे यंत्र जाड ऊतीचा एकेक पापुद्रा दाखविते. यंत्र ठराविक वेळच मिळते आणि नमुना पुष्कळदा एकुलता एक असतो. म्हणून रंग आधीच विचारपूर्वक ठरवावा लागतो.

फसगत होते ती बहुधा 'डॅपी'ने. निद्रारोगावरील औषधांच्या शोधात १९७१ साली जर्मनीत हा रंग तयार झाला. तो ३५८ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशाने उत्तम उद्दीपित होतो. साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकातील पाऱ्याच्या दिव्यात असा प्रकाश भरपूर, त्यामुळे केंद्रके निळी झळकतात. तीच काचपट्टी कॉन्फोकलखाली ठेवली आणि यंत्रात ४८८, ५४३ व ६३३ एवढेच लेसर असले, तर पडद्यावर अंधार! ४०५ चा लेसर असेल तर काम भागते, इतकेच. तेव्हा बाटली मागविण्यापूर्वी यंत्र चालविणाऱ्याला लेसर कोणते ते विचारावे.

४०५ नसल्यास प्रोपिडियम आयोडाइड भरवशाचा. पण तो आरएनएलाही चिकटतो. आरएनेज न वापरल्यास पेशीद्रवही लाल दिसतो. प्रतिपिंडालाच लाल रंग जोडलेला असेल तर दोहोंची सरमिसळ होते. अशा वेळी ६३३ ला प्रतिसाद देणारा टो-प्रो-३ किंवा ड्रॅक-५ घ्यावा. त्यांचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. नेत्रिकेतून पाहून 'रंग चढला नाही' म्हणत काचपट्टी टाकून देऊ नये.

जिवंत पेशीत प्रोपिडियम शिरत नाही, म्हणून तो मेलेल्या पेशी ओळखायला उपयोगी. होएक्स्ट ३३३४२ मात्र शिरतो. तरी प्रकाश बेताचाच द्यावा, नाहीतर पेशीला इजा होते. हे रंग आपल्याही डीएनएला चिकटू शकतात, हातमोजे हवेतच.

आणि एक काचपट्टी केवळ डीएनएच्या रंगाने रंगवून ठेवा. इतर रंगांच्या खिडकीतून ती काळीच दिसायला हवी.