पथ्याची वही
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं. दोन्हीकडे पवारांचंच राज्य, त्यामुळे आज मी धारच्या पोह्यांना नावं ठेवणार नाही आणि देवासच्या कचोरीलाही नाही. आहारतज्ज्ञ व्याख्यानाला आली म्हणजे आपल्या ताटातलं काहीतरी काढून घेणार, अशी धास्ती मला समोरच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. निश्चिंत असा. काढलेलं परत वाढायलाच मी आज आले आहे. विषय आहे दमा आणि आपला आहार.

देवासमध्ये श्वासाबद्दल बोलायचं तर सुरुवात कुमारजींपासूनच करावी लागते. १९४८च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन इथल्या कोरड्या हवेसाठी आले, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. कित्येक वर्षं अंथरूण, गाणं बंद, आणि शेवटी ते पुन्हा गायला बसले. ही गोष्ट सांगताना आपले वडीलधारे म्हणायचे, ‘ही माळव्याच्या हवेची किमया!’ हवा होतीच. भानुताईंची अहोरात्र सेवा होती, पथ्यपाणी होतं. पण त्याच सुमारास स्ट्रेप्टोमायसीन हे नवं औषध हाती आलं आणि ते त्यांना मिळालं, हे आपण पुष्कळदा गाळतो. क्षय वेगळा आणि दमा वेगळा. तरी एक गोष्ट दोन्हींना लागू आहे: हवा, आहार, सेवा आणि औषध ही एकाच गाडीची चाकं आहेत. एक चाक काढून उरलेल्या तिघांवर गाडी चालत नाही.

हे मी शिकले ते कॉलेजात नाही, आमच्या आत्याकडून.

आत्या धारला आमच्याच घरी असायची. तिशीत तिला दमा लागला. तिच्याजवळ एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती, पथ्याची वही. कुणी वैद्यांनी सांगितलं, दही बंद, लिहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, केळ्याने कफ होतो, लिहिलं. मग भात, मग दूध, चिंच, पेरू, काकडी, उडीद, शेंगदाणे. प्रत्येक भल्या माणसाने एकेक ओळ वाढवली. खोडली मात्र एकही नाही. शेवटी तिच्या ताटात दोन फुलके, मुगाचं वरण आणि दुधी एवढंच उरलं. लग्नकार्यात ती सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन आपला डबा उघडायची. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आणि सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या वहीत एक पान माझ्या अक्षरातलं आहे. नुकतीच आहारशास्त्राची पदवी घेऊन मी घरी आले होते. आत्याने मोठ्या कौतुकाने वही पुढे केली आणि मीही चांगले अकरा पदार्थ वर्ज्य म्हणून लिहून दिले. ‘आत्या, तू औषध काय घेतेस?’ हा एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. पंप तिला लिहून दिलेला होता. तो कपाटात होता, न उघडलेला. ‘त्याची सवय लागते गं’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पंपाची तेवढी भीती, आणि उपासमारीची अजिबात नाही!

त्या वर्षी हरतालिकेचा निर्जळी उपास, दुसऱ्या दिवशी गणपती, दिवसभर मोदकांचा घाणा, आणि संध्याकाळी बंद खोलीत धूप-कापराची आरती. रात्री दोन वाजता तिला एक वाक्य पुरं बोलता येईना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘यांना रोजचं औषध काय चालू आहे?’ आणि आत्याने धापा टाकत पिशवीतून ती वही काढून त्यांच्या हातात दिली.

ती वाचली. पण तिचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं. त्या अडतीस किलोंमध्ये माझ्या अकरा ओळींचाही वाटा होता.

आता दमा म्हणजे काय, ते थोडक्यात बघू. आपल्या श्वासनलिकांना आतून सूज राहते. त्या चिडखोर होतात. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा, असं काही निमित्त झालं की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साठतो आणि श्वास सोडताना शिटी वाजते. ही सूज रोज थोडी थोडी उतरवणारं औषध म्हणजे पंपातलं अल्प मात्रेचं स्टेरॉइड. ते थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मात्रा थोडी पुरते. त्याची सवय लागत नाही. घेतल्यावर चूळ भरून टाकायची, एवढंच पथ्य. फक्त निळा, तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहणं पुरेसं नाही, असं दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९पासून स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे म्हणतात ना, ‘दमा दम के साथ जाता है’. पण आटोक्यात ठेवलेला दमा घेऊन माणसं गातात, खेळतात, टेकडीही चढतात.

मग आहाराचं काम काय? आहार दमा बरा करत नाही. पण तो दमेकऱ्याला बळ देतो, आणि काही बाबतींत त्रास कमी करतो.

आधी वहीतल्या ओळी खोडू. दुधाने कफ वाढतो, ही समजूत आपलीच नाही, जगभर आहे. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात साठ स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला आणि त्यांच्या नाकातला स्राव चक्क तोलला. जास्त दूध पिणाऱ्यांचा स्राव जास्त भरला नाही. दूध तोंडात लाळेशी मिसळून घट्ट वाटतं, तो कफ नव्हे. ज्यांना अटॅकमुळे वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांची हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. त्यांचंच दूध-दही बंद करणं म्हणजे भिंत कच्ची आणि वर वीटही काढून घ्यायची! केळं, भात, पेरू यांचंही तेच. सगळ्या दमेकऱ्यांसाठी ते वर्ज्य करायला कारण नाही.

पण ज्याला खरोखर एखाद्या पदार्थाने त्रास होतो, त्याचं काय? खरी ॲलर्जी बहुधा लपत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास लागतो. तसं झालं तर तो पदार्थ पूर्ण बंद, घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवायचं. नुसता संशय असेल तर वही जरूर ठेवा, पण वेगळी. दोन आठवडे काय खाल्लं, कुठे होतो, रात्री खोकला आला का, हे लिहा. मग एकच पदार्थ दोन-तीन आठवडे थांबवा आणि पुन्हा खाऊन बघा. फरक नसेल तर ओळ खोडा. खोडायची ओळ ही वहीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ.

काही गोष्टी मात्र जपाव्या. सुकामेवा, सरबतं, बाटलीबंद लोणची टिकवायला सल्फाइट घालतात. काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो. पाकिटावर २२० ते २२८ यांतला आकडा दिसला तर ते. दुसरं, उशिराचं जड जेवण. दाल-बाफले तुपात बुडवून रात्री दहाला खाल्ले आणि अकराला आडवे झालो, तर पोटातलं आम्ल वर येतं आणि खोकला काढतं. बाफले खा, पण दुपारी, आणि एक कमी. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकलेलं बरं. तिसरं, वजन. स्थूल दमेकऱ्यांनी पाच-दहा टक्के वजन उतरवलं तरी त्यांचा त्रास कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आणि कृश असलेल्यांनी, आमच्या आत्यासारख्यांनी, वाढवलं पाहिजे.

आता वाढायचं काय? २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात १३७ दमेकऱ्यांचे दोन गट केले. एकाला भरपूर भाज्या आणि फळं, दुसऱ्याला अगदी थोडी. थोडी खाणाऱ्यांचा दमा उसळण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. आणि गंमत अशी, टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या देऊनही तो भरून निघाला नाही. म्हणजे डबीतली गोळी नव्हे, ताटातली भाजीच हवी. माळव्यात त्याला काय तोटा? हिवाळ्यात मेथी, पालक, बथुआ, गाजर, हिरवे हरभरे. पेरू, आवळा, पपई, संत्री. पोह्यांवर शेव मूठभर घालता, ती चिमूटभर घाला आणि मूठभर डाळिंबाचे दाणे घाला. गराडू आवडतात तर तळण्याऐवजी भाजून बघा. वरण, उसळी, मूठभर शेंगदाणे पोटात जाऊ द्या. हळद-दूध, आल्याचा चहा खुशाल प्या. कॉफीने तर श्वासनलिका थोडा वेळ किंचित रुंदावतातही. पण यांतलं काहीच पंपाची जागा घेत नाही.

आणि आता एक दूरची गोष्ट, जी फार जवळची आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात असे २६ दिवस आले, की अचानक दम्याचे रुग्ण लोंढ्याने इस्पितळात यायचे. बरीच वर्षं कारण सापडेना. शेवटी लक्षात आलं, त्या त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जात होतं. टरफलांची धूळ वाऱ्याबरोबर शहरावर जात होती. ज्या कोठारातून ती उडत होती तिथे धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि साथ थांबली. सोयाबीन खाण्याशी याचा संबंध नव्हता. त्रास दिला तो नाकावाटे गेलेल्या धुळीने.

सोयाबीनचा मुलूख तर आपलाच! गणपती उठले की काही दिवसांत कापणी, मळणी, मंडीत ढीग. त्या दिवसांत आपल्या घरात कुणाला धाप लागली तर आपण ‘काल काय खाल्लं होतंस?’ म्हणून विचारतो. कधीतरी ‘काल कुठे होतास?’ असंही विचारावं. वर्षाचा गहू भरताना पाखडायला आणि चाळायला घरातल्या दमेकरी सुनेला बसवू नये. मिरच्यांची फोडणी, तळणाचा धूर, गिरणीतलं पीठ हेही त्यातलंच. ताटातल्या पदार्थापेक्षा कढईवरच्या धुराने दमेकऱ्याचं अधिक नुकसान होतं.

पुढच्या महिन्यात कोजागिरी येईल. आपल्या प्रदेशात शरद पौर्णिमेच्या रात्री दम्याच्या औषधाची खीर वाटतात, चित्रकूटला तर त्यासाठी लोक लांबून जातात. श्रद्धेची मी टिंगल करणार नाही. चांदण्यातलं दूध मीही पिते. पण त्यासाठी चालू औषध थांबवू नका. आणि कुणी अनोळखी पुडी दिली, ‘एका दिवसात आराम’ म्हणून, तर घेऊ नका. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. पंपातल्या इवल्याशा मात्रेला आपण भितो, आणि पुडीतली न मोजलेली मात्रा श्रद्धेने गिळतो.

उपासांबद्दल भगिनींना मुद्दाम सांगते. पंप हे अन्न नाही, पाणी नाही. त्याने उपास मोडतो असं मला वाटत नाही. दमा असेल तर निर्जळी करू नका. पाणी, फळं, ताक घ्या. पार्वतीला सखीने नेलं होतं ते तिचा जीव सुखी व्हावा म्हणून, हे ध्यानात ठेवा. आणि वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, पंप ओढूनही आराम पडेना, तर पहाटेची वाट न बघता दवाखाना गाठा.

आत्याचं पुढे काय झालं? रोजचा पंप सुरू झाला. वहीतली पानं आम्ही दोघींनी एकेक करून तपासली. महिन्याला दोन पदार्थ परत ताटात. फक्त काजूने तिला खरोखर त्रास व्हायचा; ती एक ओळ राहिली. पुढच्या वर्षी गौरी जेवल्या तेव्हा आत्या अठरा वर्षांनी पंगतीत बसली. दहीभात कालवला, एक घास खाल्ला आणि मला म्हणाली, ‘अगं, मी याची चवच विसरले होते.’ पुढे ती बरीच वर्षं जगली. माझ्या अकरा ओळींबद्दल तिने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. म्हणून मीच सगळीकडे बोलून दाखवते.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. उद्यापासून आरतीच्या वेळी सभागृहाची दारं-खिडक्या उघडी असू द्यावीत, धूप आणि कापूर बाहेरच्या ओट्यावर लावावा, आणि विसर्जनाला गुलालाऐवजी फुलं असावीत. बाप्पाला त्यात काही उणं वाटणार नाही, आणि आपल्यातल्या दहा-पाच जणांना आरती शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणता येईल.

घरी गेल्यावर आपापल्या घरातली वही उघडा. एक तरी ओळ खोडा.

गणपती बाप्पा मोरया!